जोडून सुट्टी, ठरलेलं शहर आणि अंगात कणकण

तीन दिवसांची जोडून सुट्टी, मैत्रिणीबरोबर कधीपासून ठरलेलं शहर, रूमचे पैसे भरलेले आणि निघायच्या आदल्या रात्री घसा खवखवायला लागलेला. अशा वेळी माणूस आधी गोळी घेतो आणि मग जायचं की नाही याचा विचार करतो. क्रम नेमका उलटा हवा. गोळी पोटात गेली की ताप उतरतो, अंगदुखी दबते आणि ज्या खुणांवरून निर्णय घ्यायचा त्याच दिसेनाशा होतात.

म्हणून सुरुवात थर्मामीटरपासून. शेवटच्या पॅरासिटामॉलला किमान सहा तास झालेले असावेत आणि गरम किंवा गार काही प्यायल्याला अर्धा तास. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो, हे लक्षात ठेवून वाचा. १००.४ अंश फॅरनहाइट (३८ सेल्सियस) किंवा त्याहून जास्त असेल तर जायचं नाही. काल ताप होता आणि आज नाही, असं असेल तर गोळी न घेता पूर्ण २४ तास तापाविना गेले पाहिजेत. उलट्या किंवा जुलाब झाले असतील तर शेवटच्या खेपेपासून ४८ तास मोजा, कारण पोटाचा संसर्ग बरं वाटायला लागल्यावरही दुसऱ्याला लागतो.

ताप नसेल तर मानेचा नियम वापरा. नाक वाहणं, शिंका, थोडा घसा असा त्रास मानेच्या वरचाच असेल, तर बेत हलका करून निघायला हरकत नाही. छातीत कफ, खोलवरून येणारा खोकला, अंग मोडून येणं किंवा पोट बिघडणं, म्हणजे त्रास मानेच्या खाली असेल तर घरी राहा. हा नियम मुळात व्यायाम करणाऱ्यांसाठी आहे, पण शहर बघताना दिवसाला दहा-बारा हजार पावलं सहज होतात. तोही व्यायामच.

हा निर्णय तुमचा एकट्याचा नसतो. फ्लू असेल तर लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून ती सुरू झाल्यावर पाच-सात दिवसांपर्यंत तो पसरू शकतो, आणि तुम्ही दोघी एकाच खोलीत झोपणार आहात. मैत्रिणीच्या घरी तान्हं बाळ, म्हातारे आईवडील, गरोदर बाई किंवा केमोथेरपी चालू असलेलं कुणी आहे का, हे सरळ विचारा. निरोप मोघम नको. ‘जरा बरं नाहीये गं, बघू’ या वाक्यावर कुणी काहीच ठरवू शकत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘अगं, संध्याकाळपासून घसा धरलाय, ताप ९९ आहे. सकाळी सहाला गोळी न घेता परत बघते. १००.४ झाला तर मी येत नाही, पण तू जा, माझ्यासाठी थांबू नकोस.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते आधीच म्हटलं नाही, तर मैत्रीण भिडेपोटी सुट्टी सोडते किंवा तुम्ही भिडेपोटी ताप घेऊन निघता.

त्याच रात्री बुकिंगच्या अटी वाचा. हॉटेलं फुकट रद्द करायची मुदत बहुतेक वेळा चेक-इनच्या २४ किंवा ४८ तास आधी संपवतात आणि ती वेळ हॉटेल जिथे आहे तिथली धरली जाते. तिकीट रद्द करण्यापेक्षा तारीख बदलणं पुष्कळदा स्वस्त पडतं. प्रवास विमा असेल तर रद्द करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. अनेक पॉलिसींना त्या आधीच्या तारखेचं प्रमाणपत्र लागतं आणि लोक नेमके तिथेच अडकतात.

गोळीची तरतरी उसनी असते

निघायचं ठरलं, तर पुढचा सगळा बेत या एका गोष्टीभोवती रचा. पॅरासिटामॉल अर्ध्या ते एक तासात काम करू लागतं आणि चार ते सहा तास टिकतं. सकाळी दहाला गोळी घेतली की अकराला एकदम बरं वाटतं. मग तीनपर्यंत पायपीट होते आणि चारला तुम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला थंडी वाजत बसलेले असता. गोळीने त्रास झाकलेला असतो, आजार तिथेच असतो. त्यामुळे बरं वाटणाऱ्या वेळातला निम्माच भटकण्यात घालवा आणि असर उतरायच्या आत खोलीवर परत या.

निरोगी प्रौढासाठी पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा २४ तासांत ४ ग्रॅम आहे आणि दोन डोसांमध्ये किमान चार तास हवेत. वजन ५० किलोच्या आत असेल, यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू घेण्याची सवय असेल तर मर्यादा त्याहून खाली येते, ती डॉक्टरांना विचारा. सगळ्यात जास्त घोळ सर्दीच्या मिश्र गोळीने होतो, कारण बहुतेकींत पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं. ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चारदा म्हणजे २.६ ग्रॅम. त्यात ५०० मिलिग्रॅम असलेली सर्दीची गोळी तीनदा घेतली की आणखी दीड ग्रॅम. बेरीज ४.१ ग्रॅम, आणि मर्यादा ओलांडल्याचं तुम्हाला कळलेलंही नसतं. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचा, नाहीतर एकच काहीतरी घ्या. घेतलेल्या प्रत्येक गोळीची वेळ मोबाईलमध्ये टिपा आणि ती नोंद मैत्रिणीलाही दिसू द्या. तापात ‘मघाशी घेतली होती का?’ हे खरोखर आठवत नाही.

आयबुप्रोफेन हे ताप-दुखीवरचं दुसरं औषध रिकाम्या पोटी नको आणि उलट्या-जुलाबांत तर नकोच, कारण अंगातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडांवर ताण येतो. डेंग्यूची शंका असेल तिथेही ते आणि ॲस्पिरिन टाळतात, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. क्लोरफेनिरामिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या झोप आणतात. त्या रात्री घ्या, गाडी चालवण्याआधी नाही आणि दारूबरोबर मुळीच नाही. साध्या सर्दीवर अँटिबायोटिक चालत नाही. मागच्या वेळच्या उरलेल्या चार गोळ्या बॅगेत टाकू नका.

विमानाने जाणार असाल तर चोंदलेलं नाक जास्त त्रास देतं. केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तितका ठेवतात. विमान उतरू लागलं की तो वाढतो आणि नाक-कान जोडणारी नळी सुजलेली असेल तर कानाच्या आत हवा पोचत नाही. म्हणून चढतानापेक्षा उतरताना कान जास्त दुखतो. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब उतरणं सुरू व्हायच्या अर्धा तास आधी नाकात टाका. त्यांचा असर काही तास टिकतो, त्यामुळे तास-दोन तासांच्या प्रवासाला विमानात बसण्याआधी टाकले तरी चालतात. उतरताना झोपू नका. झोपेत आपण कमी गिळतो आणि नळी उघडत नाही. नाक चिमटीत धरून घोट गिळत राहा. जोर लावून कानात हवा ढकलू नका. कानात जंतुसंसर्ग असेल किंवा खाली वाकल्यावर कपाळ-गाल ठणकत असतील तर विमान टाळा. हे थेंब तीन ते पाच दिवसांच्या पुढे वापरले की नाक उलट जास्त चोंदतं. रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर ते आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

दिवसाला एकच गोष्ट

आजारी माणसाला चालण्यापेक्षा उभं राहणं महागात पडतं आणि सुट्टीच्या गर्दीत रांग चुकत नाही. म्हणून दिवसाला एकच ठिकाण धरा, त्याचं वेळ ठरलेलं तिकीट आधी काढा आणि दिवसातली पहिली वेळ घ्या. तेव्हा गर्दी सगळ्यात कमी असते. ठिकाण खोलीपासून अर्ध्या तासाच्या आत हवं आणि परतताना गाडी बदलावी लागू नये. दोन मेट्रो आणि मधली जिन्यांची चढउतार नकाशावर दिसत नाही, पायांना मात्र कळते. दुपारी एक ते चार खोलीत झोप काढा, निदान पडून राहा. संध्याकाळचं काहीही आगाऊ तिकीट काढू नका.

बसून बघता येईल असं निवडा: होडीची फेरी, ट्राम किंवा बसचा शेवटपर्यंतचा मार्ग, बाकं असलेली बाग. उघड्यावर संसर्गही कमी पसरतो. खोकला असताना बंद सभागृहातलं नाटक किंवा मैफल नको. तुमच्या पुढच्या रांगेतल्या माणसाचीही सुट्टीच असते. मेट्रोत आणि लिफ्टमध्ये एन ९५ मास्क घाला, नाकावर नीट बसवून.

मैत्रिणीचा बेत वेगळा काढा. तिला कुठल्याही परिस्थितीत चुकवायच्या नाहीत अशा दोन गोष्टी तिने निघण्याआधी सांगाव्यात आणि त्या तिने एकटीने केल्या तरी चालेल हे तेव्हाच ठरवून टाका. दिवसातून तीनदा, उठल्यावर, जेवणानंतर आणि संध्याकाळी, तिने एवढंच विचारायचं: ‘दहापैकी किती?’ सात किंवा जास्त असेल तर दोघी बाहेर. चार ते सहा असेल तर तुम्ही खोलीजवळ आणि ती बाहेर. चारच्या खाली गेलं तर आजचा दिवस संपला. ‘ठीक आहे’ हे उत्तर चालत नाही, आकडाच हवा. ती बाहेर असताना तीन-तीन तासांनी एक मेसेज पुरे. खोलीची दुसरी किल्ली मागून घ्या, म्हणजे दार उघडायला तुम्हाला उठावं लागणार नाही.

पैशांचंही आधीच बोला. तुमच्यामुळे वाया गेलेलं तुमचं तिकीट तुमच्या खात्यावर, आणि बसऐवजी टॅक्सी तुमच्यासाठी केली तर तीही. जाऊ दे गं, निम्मं-निम्मं करू, असं तोंडावर म्हटलं जातं आणि पुढे महिनाभर मनात राहतं.

खोलीत पलंग वेगळे मागा, खिडकी दिवसातून काही वेळा उघडा, टॉवेल आणि पाण्याची बाटली वेगळी ठेवा. एसीचा झोत चेहऱ्यावर नको. वाफ घ्यायला हॉटेलच्या उकळत्या किटलीवर तोंड धरू नका, भाजतं. गुळण्यांसाठी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरेसं आहे.

शेवटचा दिवस बहुतेकांचा फसतो. चेक-आउट सकाळी अकराला, गाडी रात्री आठला, आणि आजारी माणूस सामान घेऊन नऊ तास कुठल्यातरी बाकावर. पोचलात की लगेच काउंटरवर उशिरा चेक-आउट मिळेल का ते विचारा. सुट्टीत खोल्या भरलेल्या असतात, शेवटच्या सकाळी कुणी देत नाही. नाही मिळालं तर अर्ध्या दिवसाची खोली घ्या, नाहीतर आधीच्या गाडीने निघा.

पोट बिघडलं तर

ओआरएसचं २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरात घालू नये, कारण पुडीतले घटक सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा ५ मिलिलिटरचा. दर जुलाबानंतर पेलाभर घ्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग दर एक-दोन मिनिटांनी चमचा-चमचा सुरू करा. तहान लागली म्हणून पेला एकदम रिकामा केला की तो परत येतो. बाटलीतली गोड पेयं ओआरएसची जागा घेत नाहीत. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात.

जुलाब थांबवणारी लोपरामाइडची गोळी फक्त प्रवासाच्या तासांसाठी ठेवा: आधी २ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, मग दर पातळ शौचानंतर एक, आणि डॉक्टरांना न विचारता दिवसाला चारच्या वर नाही. ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर घ्यायचीच नाही. हात साबणाने २० सेकंद धुवा. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही.

सुट्टीत दवाखाने बंद असतात, हे निघण्याआधी गृहीत धरा. हॉटेलजवळचं २४ तास चालणारं रुग्णालय आणि औषधांचं दुकान नकाशात जतन करा, आणि औषधं मूळ स्ट्रिपमध्ये, प्रिस्क्रिप्शनसह न्या. परदेशात जात असाल तर कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन काही देशांत निर्बंधाखाली येतात, ते तपासा.

धाप लागणं, छातीत दुखणं, बोलणं असंबद्ध होणं, तापाबरोबर मान आखडणं, उलटी किंवा शौचात रक्त, पाण्याचा घोटही न टिकणं किंवा आठ तास लघवी न होणं, यांतलं एक जरी दिसलं तरी रात्र काढायची नाही, थेट तातडीच्या विभागात जायचं. विमा असेल तर दाखल होण्याआधी, किमान दाखल होताना तरी, मैत्रिणीने विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवावं. म्हणून पॉलिसीचा क्रमांक, तुमची ॲलर्जी आणि रोजची औषधं तिच्या फोनमध्येही हवीत.

परतल्यावर तिनेही पुढचे चार दिवस घसा आणि तापाकडे लक्ष ठेवावं. फ्लूची लक्षणं संसर्गानंतर एक ते चार दिवसांत दिसतात.