फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप बांधताना गाडी किती उचलावी?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडजवळ कमानपाटे (गाडीचं वजन पेलणारे पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग) बसवणाऱ्या एका काकांकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझं ठरलं होतं: पुढे-मागे चार इंच लिफ्ट, म्हणजे गाडी तेवढी उचलायची. काकांनी गाडीखाली डोकं घातलं, बाहेर आले, हात पुसले आणि विचारलं, "टायर कुठला घालणार?" मी म्हटलं, ते नंतर बघू. "मग पाटेही नंतर बघू, साहेब. आधी टायर सांगा, इंजिनाच्या ऑइल चेंबरखाली किती जागा ठेवणार ते सांगा. इंच मी सांगतो."

मी ऐकलं नाही. दुसऱ्या एका गॅरेजमधून चार इंच करून घेतले. तीन महिन्यांत माळशेजच्या चढावर मागच्या ॲक्सलला ताकद पोचवणाऱ्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याला कोनात फिरू देणारा सांधा, तुटला आणि गाडी टोचन लावून खाली आणावी लागली. काकांचा प्रश्न बरोबर होता. लिफ्टची उंची मोजून काढायची असते. मी आता ती कशी मोजतो, ते सांगतो.

आधी कागद

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. टू-व्हील ड्राइव्ह गाडीची फोर-व्हील ड्राइव्ह करणं, म्हणजे कन्व्हर्जन, हा लहान बदल नाही. त्यामुळे ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली यांपैकी तुमचं जे आरटीओ असेल तिथे काम सुरू करण्याआधी लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. विमा कंपनीलाही कळवा. न कळवलेल्या बदलावरून अपघाताचा दावा अडू शकतो, आणि समोरच्याला इजा झाली तर प्रकरण पैशांवर थांबत नाही.

माझं मत विचाराल तर कंपनीकडूनच फोर-व्हील ड्राइव्ह आलेली जुनी गाडी घ्यावी आणि तिच्यावर काम करावं. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. पुढची मोजमापं दोन्हीकडे लागू पडतात, मात्र ती लाइव्ह ॲक्सलची, म्हणजे दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्यावर असलेली गाडी धरून लिहिली आहेत.

लिफ्टने काय मिळतं, काय नाही

लाइव्ह ॲक्सलच्या गाडीत खडकाला सगळ्यात आधी लागतं ते डिफरन्शियलचं हाउसिंग, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा ॲक्सलवरचा फुगीर डबा. ते जमिनीपासून किती वर आहे हे फक्त टायरवर ठरतं. पाट्यांनी गाडी सहा इंच उचलली तरी हाउसिंग होतं तिथेच राहतं, वर जातात चेसिस, केबिन आणि तुम्ही. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढवला तर हाउसिंग एक इंच वर येतं.

लिफ्टचा उपयोग दोन ठिकाणी आहे: मोठा टायर मडगार्डला न घासता वरखाली व्हावा म्हणून, आणि पुढच्या ॲक्सलला इंजिनाखाली हलायला जागा मिळावी म्हणून. चेसिसचं पोट दगडाला कमी लागतं हा वरचा फायदा.

पायरी १: आजची उंची लिहून ठेवा

सपाट जागी गाडी उभी करा. सोसायटीच्या पार्किंगची फरशी बहुतेकदा पाणी वाहून जावं म्हणून उताराची असते, तेव्हा लेव्हल लावून बघा. टायरमध्ये नेहमीची हवा, टाकी भरलेली, आणि प्रवासाला नेता तेवढं ओझं गाडीत हवं: माणसं, पाण्याचे कॅन, स्टेपनी, हत्यारं. रिकाम्या पिकअपवर घेतलेलं माप फसवं असतं, कारण मागचे पाटे ओझ्यासाठीच बनवलेले असतात.

मग चारही चाकांवर हबच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायर बदलला की ते माप निरुपयोगी होतं. ॲक्सल आणि बंपस्टॉपच्या (ॲक्सलला फार वर जाण्यापासून अडवणाऱ्या) रबरामधली फटही मोजा. हे आठ आकडे वहीत लिहा, मोबाइलमध्ये नको. गाडीखाली ग्रीसच्या हातांनी वहीच कामाला येते.

पायरी २: टायर ठरवा

समजा गाडीवर २१५/७५ आर१५ आहेत. रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिमी, त्यात २१५ मिमी रुंदीच्या ७५ टक्क्यांची (टायरच्या भिंतीची) दुप्पट मिळवली की व्यास सुमारे ७०३ मिमी येतो. २३५/७५ आर१५ चा येतो ७३३. ३१ इंची टायरचा ७८७. म्हणजे पहिल्या बदलात त्रिज्या १५ मिमीने वाढते आणि दुसऱ्यात ४२ मिमीने.

बहुतेकांची चूक होते ती यानंतर. लिफ्ट केली की टायरला जागा मिळाली, असं वाटतं. गाडी उभी असताना ते खरंच असतं. पण खड्ड्यात चाक पूर्ण वर दबलं की ॲक्सल बंपस्टॉपला टेकतो, आणि बंपस्टॉप तर होता तिथेच आहे. म्हणजे पूर्ण दाबाला टायर पूर्वी होता तिथेच येऊन पोचतो, फक्त आता तो ४२ मिमीने मोठा आहे. मडगार्ड फाटतं ते असं. मूळ रचनेत तिथे जादा जागा नसेल तर एकतर मडगार्ड कापायचं, नाहीतर बंपस्टॉप तेवढाच खाली आणायचा.

आता हिशेब करा. ५० मिमी लिफ्ट केली, ३१ इंची टायर घातले आणि बंपस्टॉप ४२ मिमी खाली घेतला, तर चाकाला वर जायला जास्तीची जागा मिळाली फक्त ८ मिमी. तेच २३५/७५ घातले तर ३५ मिमी मिळते, आणि चिखलातल्या पायवाटेवर मऊ चालणारी गाडी हीच. शिवाय ३१ इंचीवर स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८९ च्या पुढे असते आणि चाकावरची ओढ दहा टक्क्यांहून जास्त कमी होते. क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधले मुख्य गिअर) बदलणार नसाल तर जुन्या डिझेल इंजिनाला कसारा घाटात हे चांगलंच जाणवतं. माझ्या गाडीवर आता २३५/७५ आहेत.

पायरी ३: उंची वरून खाली मोजा

कन्व्हर्जनमधली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. निम्मा दिवस लागतो, पण तो द्याच.

चेसिस चार भक्कम स्टँडवर घ्या. जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका. पुढची चाकं काढा. पाट्यांच्या गठ्ठ्यातून बाकीचे पाटे काढून फक्त मुख्य पाटा ठेवा, म्हणजे ॲक्सल जागेवर राहतो पण ट्रॉली जॅकने सहज वरखाली होतो. शॉकॲब्सॉर्बर सोडवा. आता ॲक्सल हळूहळू वर घ्या आणि हाउसिंग इंजिनाच्या ऑइल चेंबरपासून २५ मिमीवर आलं की थांबा. एवढं अंतर हवंच, कारण इंजिन स्वतःच्या रबर माउंटिंगवर हलतं आणि दाबाखाली बंपस्टॉपचं रबरही चेपतं.

हे झालं वरचं टोक. तिथे चेसिसवर खूण करा. त्या खुणेपासून ॲक्सल किमान ७५ मिमी खाली घ्या. चाकाला वर जायला एवढा प्रवास नसेल तर प्रत्येक स्पीडब्रेकर हाडांपर्यंत पोचतो. ॲक्सल आता जिथे आहे, ती गाडीची उभी राहायची जागा. तिथे हबपासून मडगार्डपर्यंत मोजा आणि वहीतलं पहिलं माप वजा करा. जे उरलं ती तुमची लिफ्ट.

मग एक बाजू वर आणि दुसरी खाली करून परत बघा. हाउसिंग एका बाजूला सरकलेलं असतं, त्यामुळे सरळ वर जाताना मोकळं वाटणारं ॲक्सल तिरकं झालं की सायलेन्सरच्या पाइपला किंवा स्टार्टरला जाऊन लागतं. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून हेच पुन्हा करा.

आकडा चार इंचांच्या पुढे निघाला तर लिफ्ट वाढवू नका. चेंबरचा आकार बदलता येतो का, इंजिन थोडं मागे किंवा वर बसतं का, ते बघा. तिथला खर्च वाया जात नाही.

पायरी ४: शाफ्टचा कोन

माझा क्रॉस तुटला तो इथे. ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्समधून) निघणारं टोक आणि ॲक्सलचं टोक यांच्या उंचीत २०० मिमी फरक आहे, समजा. शाफ्ट १३०० मिमी लांब असेल तर कोन जेमतेम ९ अंश होतो. आखूड व्हीलबेसच्या गाडीत शाफ्ट ७०० मिमीचाच असेल तर तोच कोन १६ अंशांवर जातो. म्हणून लांब पिकअपला मानवलेली लिफ्ट जिप्सीला मानवत नाही.

साधा क्रॉस कोनात फिरला की बाहेर निघणारी गती एकसारखी राहत नाही, प्रत्येक फेरीत दोनदा कमीजास्त होते. १० अंशांना हा फरक दीड टक्का, २० अंशांना सहा टक्क्यांहून अधिक. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एकाची चूक दुसरा भरून काढतो. म्हणून ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियलची टोकं एकमेकांना समांतर हवीत. मोबाइलवरचं कोन मोजायचं ॲप चालतं. फरक आला तर पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये पाचरीसारखी वेज प्लेट घालून ॲक्सल फिरवतात. पुढच्या ॲक्सलला मात्र जपून, तिथे पाचरीने कास्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, बदलतो आणि कास्टर कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही.

ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळत असताना शाफ्टची सरकती जोडणी किती बाहेर येते तेही बघा. दात थोडेच गुंतलेले उरत असतील तर शाफ्ट लांब करून, बॅलन्सिंगसह, घ्यावा लागेल.

उचलायची कशाने

चांगला मार्ग एकच, योग्य कमानीचे नवे पाटे. जुन्याच पाट्यांना कमान मारून देतात, ते स्वस्त पडतं, पण पुन्हा नीट पाणी दिलेलं नसेल तर पावसाळाभरात ते बसतात. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) लावून उंची मिळते, पण शॅकल दोन इंच लांब केला की गाडी एकच इंच उचलली जाते आणि ॲक्सल फिरतो तो वेगळाच. मागे पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये लोखंडी ब्लॉक चालतो, एकावर एक रचून नाही. पुढे ब्लॉक अजिबात नको, ब्रेक लागल्यावर तो निसटू पाहतो. जुन्या जीप आणि जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खालून जातात, ते वरून घेतले की साधारण पाच इंच मिळतात. पण मग स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारी दांडी, ड्रॅग लिंक, तिरकी होते, दचक्याला चाक स्वतःहून वळतं आणि ते सगळं नव्याने करावं लागतं. मुंबईत रोज चालवायच्या गाडीला हे करू नका.

टॉर्शन बारवाल्या (पाट्यांऐवजी पिळली जाणारी दांडी असलेल्या) पुढच्या सस्पेन्शनचा, उदाहरणार्थ जुनी थार, बोल्ट पिळून गाडी वर येते. पण ते खालच्या प्रवासातून उसनं घेतलेलं असतं. इंचभर पुरे.

शहरातला हिशेब

१४०० मिमी रुंद ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) आणि ७०० मिमीवर गुरुत्वमध्य असलेली गाडी, सस्पेन्शनचं डोलणं सोडलं तर, ४५ अंशांना कलंडते. गुरुत्वमध्य १०० मिमी वर गेला की ४१ अंशांना. आकडा लहान दिसतो, पण एक्सप्रेसवेवर अचानक लेन बदलावी लागली की हेच चार अंश हवे असतात.

आणि पार्किंग. केबिन १.८५ मीटर उंच, चार इंच लिफ्ट, ३१ इंची टायर आणि वर १५० मिमीचा कॅरिअर धरला तर २.१४ मीटर होतात. तळघराच्या तोंडाशी २.१ मीटरचा पिवळा बार असेल तर कॅरिअर गेला. दोन इंच आणि २३५/७५ मध्ये तीच गाडी २.०७ मध्ये आत जाते.

बसवून झाल्यावर

ब्रेकचे होस पाइप चाक पूर्ण खाली सोडून तपासा, ताणले जात असतील तर लांब घाला. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला एका काडीने जोडलेला व्हॉल्व्ह असतो. ओझं वाढून पाटे दबले की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. लिफ्टनंतर त्याला गाडी कायम रिकामी वाटते आणि भरल्या गाडीतही मागचा ब्रेक कमीच लागतो. त्या काडीचा ब्रॅकेट लिफ्टएवढा हलवून घ्या. हे विचारणारं गॅरेज मला आजवर एकच भेटलं, म्हणून तुम्हीच विचारा.

हेडलाइट खाली करून घ्या, समोरच्याच्या डोळ्यांत जातात. व्हील अलाइनमेंट करा. पाटे ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट १०० किलोमीटरनंतर आणि ५०० नंतर पुन्हा आवळा. नवे पाटे थोडे बसतातच, तेव्हा महिन्याभराने वही काढून तेच हबपासूनचं माप परत घ्या. चारही कोपरे सारखे खाली आले असतील तर ठीक. एकच कोपरा १५ मिमी खाली दिसला तर त्या पाट्यांचा गठ्ठा मधोमध धरणारा सेंटर बोल्ट बघा, आणि तो बदलेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.