नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनो, वॉर्डात या चुका टाळा

बीएस्सी नर्सिंगची चार किंवा जीएनएम डिप्लोमाची तीन वर्षं संपत आली, हात सराईत झाले, तरी डॉक्टर राऊंडला आले की अनेकांचा आवाज घशातच अडकतो. ज्ञान कमी पडतं म्हणून असं होत नाही. आपण पाहिलेलं ठामपणे सांगायची सवयच लागलेली नसते.

सुरुवात ओळखीपासून करा. रुग्णाने काही विचारलं की ‘मला माहीत नाही, मी स्टुडंट आहे’ म्हणून बाजूला होऊ नका. ‘काका, मी दुसऱ्या वर्षाची नर्सिंगची विद्यार्थिनी. आता तुमचा बीपी बघते. औषधाचं सिस्टरांना विचारून लगेच सांगते,’ असं म्हणा आणि खरोखर परत येऊन सांगा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आकडे नुसते चार्टवर उतरवणं. डॉक्टर बेडजवळ काही मिनिटं असतात, तुम्ही सगळी शिफ्ट असता. बदल आधी तुम्हालाच दिसणार. समजा, कालच ऑपरेशन झालेल्या मावशींचा बीपी सकाळी 120/80 होता आणि आता 90/60 आहे, पल्स 118. चार्टवर लिहून पुढच्या बेडकडे जाऊ नका. ड्युटीवरच्या सिस्टरांना तिथल्या तिथे सांगा: रुग्ण कोण, काय झालंय, आधी काय होतं, तुम्हाला कशाची शंका येते आणि आता काय हवंय. ‘सिस्टर, आतून रक्तस्राव होत असेल असं वाटतंय, लगेच बघायला या.’ इंग्रजीत सांगता येत नाही म्हणून गप्प बसणारी मराठी माध्यमाची हुशार मुलं पाहिली की वाईट वाटतं. मराठीत सांगा, पण वेळेवर सांगा.

कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घालायची नळी) लावणं म्हणजे खरं नर्सिंग आणि स्पंज बाथ, बॅक केअर ही हलकी कामं, हा गैरसमज मनातून काढून टाका. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांची 1973 पासून 2015 पर्यंत शुश्रूषा केली. इतकी वर्षं पडून राहूनही त्यांना बेडसोअर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) झालेला नव्हता, याची दखल सर्वोच्च न्यायालयाच्या 2011च्या निकालातही आहे. हे यश रोजच्या पाठ पुसण्याचं आणि कूस बदलण्याचं आहे. म्हणून पाठ पुसताना माकडहाड, टाचा, नितंबांच्या बाजू नीट बघा. बोटाने दाबूनही लाली जात नसेल तर ती जखमेची सुरुवात समजा. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. तिथे हात लावून ऊब किंवा कडकपणा तपासा. दिसलं ते लिहा आणि हँडओव्हरला, म्हणजे शिफ्ट बदलताना, स्वतः सांगा. ‘बॅक केअर दिला’ एवढीच नोंद करून थांबू नका.

चूक लपवणं मात्र कधीच नको. चुकीचं औषध गेलं किंवा डोस राहिला, तर ओरडा बसेल या भीतीने घालवलेली पाच मिनिटं रुग्णाला भोवू शकतात. लगेच सांगा, व्हायटल्स (बीपी, पल्स, श्वास, ताप) घ्या, रुग्णाजवळ थांबा. घटनेची नोंद त्यानंतर.

आणि चारचौघांत बोलणी बसली तर तिथे वाद घालू नका, रडत हॉस्टेलवरही निघून जाऊ नका. शिफ्ट संपताना इन्चार्ज सिस्टरांना किंवा आपल्या ट्यूटरना बाजूला गाठून विचारा, ‘हे पुढच्या वेळी कसं करू, एकदा दाखवाल का?’ आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्यासमोर ते करून दाखवा.