कौटुंबिक हिंसाचाराची नोटीस आल्यावर काय करावे

तक्रार झाली म्हणजे अटकच होणार, अशा धास्तीने अनेक कुटुंबे पहिल्या काही दिवसांतच आपली बाजू बिघडवून घेतात. म्हणून हातात आलेला कागद कोणत्या कायद्याखालचा आहे, हे सर्वांत आधी वकिलाकडून समजून घ्यावे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १२ खालील अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो आणि त्यात शिक्षा नव्हे, तर संरक्षण, निवारा, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा व भरपाई मागितलेली असते. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली, म्हणजे भारतीय दंड संहितेतील जुन्या ४९८-अ च्या जागी आलेल्या कलमाखाली, पती वा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेबद्दल नोंदलेला गुन्हा निराळा असून त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. ही दोन्ही प्रकरणे एकाच वेळी चालू शकतात. अशा गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे. तरीही पोलिसांच्या नोटिशीप्रमाणे हजर न राहणारा माणूस अटकेचे कारण स्वतःच पुरवतो.

न्यायदंडाधिकारी दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकण्यापूर्वीही, २००५ च्या अधिनियमाच्या कलम २३ खाली, एकतर्फी अंतरिम आदेश देऊ शकतात. पत्नीला घराबाहेर काढू नये, तिच्या नोकरीच्या ठिकाणी जाऊ नये, फोन वा संदेश पाठवू नयेत, इतकेच नव्हे तर पतीने घर सोडावे, असाही आदेश होऊ शकतो. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, एवढ्यावर तिचा राहण्याचा हक्क आपोआप संपत नाही, हे २०२० च्या सतीश आहुजा निकालाने स्पष्ट केले. खर्चाची रक्कम थकली, तर ती पगारातून थेट द्यावी, असे पतीला नोकरी देणाऱ्या मालकाला सांगण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे.

खरा धोका पुढे आहे. संरक्षण आदेशाचा, म्हणजे पत्नीला त्रास देण्यास वा तिच्याशी संपर्क करण्यास मनाई करणाऱ्या आदेशाचा, भंग हा याच अधिनियमाच्या कलम ३१ खाली स्वतंत्र गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) व अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) आहे आणि केवळ पीडितेच्या साक्षीवरूनही न्यायालय तो सिद्ध मानू शकते. ‘समजूत घालायला’ म्हणून माहेरी जाणे किंवा नातेवाइकांकरवी निरोप धाडणेही त्यात बसू शकते. आदेश अन्यायकारक वाटला तरी तो पाळावा आणि मिळाल्यापासून तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करावे.

पीडितेने आदेशाची प्रत जवळ बाळगावी आणि भंग होताच तारीख, वेळ व संदेश जपून पोलिसांकडे किंवा या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे. तातडीसाठी ११२, मदतीसाठी १८१ हे क्रमांक आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.