स्पॉटिफायचा आवाज नीट लावायचाय? इक्वलायझरला हात सगळ्यात शेवटी

गाणं दबल्यासारखं वाटलं की लोक थेट इक्वलायझरमध्ये (जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमीजास्त करायची सेटिंग) जाऊन बास बूस्टर, म्हणजे जाड आवाज वाढवणारा पर्याय, लावतात आणि मग म्हणतात आवाज फाटतोय. अहो, आधी क्वालिटी तरी बघा. प्रोफाइल फोटोवर टॅप करून सेटिंग्जमध्ये जा, तिथे वायफाय, मोबाईल डेटा आणि डाउनलोड या तिन्हींची क्वालिटी वेगवेगळी लावायची असते, त्यामुळे घरी व्हेरी हायवर मस्त वाजणारं गाणं एसटीत बसल्यावर पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं आणि शिव्या हेडफोनला बसतात. लो म्हणजे साधारण २४ केबीपीएस (सेकंदाला किती डेटा येतो ते, आकडा मोठा तितका आवाज चांगला), नॉर्मल ९६, हाय १६०, आणि तुमच्या प्रीमियम प्लॅनमध्ये असेल तर व्हेरी हाय ३२०. पण ३२० ला तासाला १४४ एमबीच्या आसपास डेटा जातो, म्हणून प्रवासाचं सगळं वायफायवर डाउनलोड करून ठेवलेलं बरं.

मग व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन. जुनं भावगीत संपून डीजे रिमिक्स लागलं की कान फुटू नयेत म्हणून हे असतं, चालूच ठेवा, फक्त लाऊड, नॉर्मल, क्वाएट यातलं लाऊड नको, त्यात हळू आणि जोरात यातला फरक कमी होतो आणि ख्यालातली तर सगळी मजाच त्या फरकात असते.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी क्रॉसफेड (एक ट्रॅक संपता संपता पुढचा त्यात मिसळणं) शून्यावर आणा आणि गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये मध्ये थांबा न येणं) चालू करा. मैफलीचं रेकॉर्डिंग तुकडे करून टाकलेलं असतं, त्यात क्रॉसफेड १२ सेकंदांवर असला की विलंबित संपायच्या आत द्रुत त्याच्यावर चढून बसतं, फार वाईट लागतं ते कानाला.

आता इक्वलायझर. सहा पॉइंट असतात, ६० हर्ट्झपासून (सगळ्यात जाड आवाज) १५ किलोहर्ट्झपर्यंत (सगळ्यात बारीक) (काही अँड्रॉइडवर फोनचाच इक्वलायझर उघडतो, तिथे पॉइंट कमीजास्त असतील). माझं मत विचाराल तर वाढवण्यापेक्षा कमी करा. आवाज गढूळ वाटला तर ४०० हर्ट्झचा पॉइंट जरा खाली घ्या, डग्ग्याचा घुमारा हवा असेल तर १५० चा किंचित वर, इतकंच. बालगंधर्वांच्या काळातल्या तबकड्यांवर बास वाढवून काही उपयोग नाही, मुळात तो रेकॉर्डच झालेला नाही, नुसती घरघर वाढते. खरखर जास्त असेल तर बारीक आवाजाचे पॉइंट थोडे खाली घ्या, पण फार नको, शब्द पुसट होतात.

आणि हेडफोनच्या अ‍ॅपमध्ये आधीच इक्वलायझर चालू असेल तर दोन्हीतला एक बंद करा.