सऱ्या काढल्या, पण त्यांचं तोंड उघडलं का?

जुलैअखेर ते ऑगस्ट | सोयाबीन, कापूस, तूर | मराठवाडा व विदर्भातील भारी जमिनी

पुढची उघडीप मिळाली की फवारणीचा पंप नंतर भरा. आधी फावडं घेऊन शेताच्या खालच्या टोकाला जा. रुंद वरंबा सरी यंत्राने पेरलेलं असतं, चार ओळींनंतर सरी असते, तरी सोयाबीन पिवळं पडून बसतं. कारण बहुतेक वेळा तिथंच सापडतं. धुऱ्यालगत, म्हणजे शेताच्या बांधाजवळ, ट्रॅक्टर वळवताना आडवी तासं (ओळी) पेरली जातात आणि सगळ्या सऱ्या येऊन त्या तासांवर अडतात. वळणावरची जमीन चाकांनी दाबलेली असते ती वेगळीच. त्या चार-पाच फुटांच्या पट्ट्यातली थोडी झाडं मोडायला जीव होत नाही, आणि त्यांच्यापायी वरचं अर्धा एकर चिबडतं, पाणी साचून खराब होतं. दरवर्षी हेच.

एकरावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ४ लाख लिटर पाणी. काळी जमीन आधीच ओलीने भरलेली असेल तर यातलं फारसं पोटात घेत नाही. उरलेल्याला वाट हवी.

असा पाऊस आता अपवाद धरून चालणार नाही. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि अरबी समुद्रही तापतो आहे. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात दिवसाला १५० मिलिमीटरच्या वरच्या, मोठ्या भागावर पसरणाऱ्या पावसाच्या घटना जवळपास तिपटीने वाढल्या. हंगामाचा एकूण पाऊस मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. म्हणजे झोडपही मोठी आणि खंडही लांब. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं. सरकारदरबारी महसूल मंडळात (काही गावांचा गट) २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी. तुम्ही चर काढताना हिशोब १०० चा धरा.

सरी काढलीच नसेल तर शेवटच्या डवरणीबरोबर (ओळींमधली कोळपणी) डवऱ्याच्या जानोळ्याला, म्हणजे पास धरणाऱ्या दांड्याला, दोरी गुंडाळून काढा. सोयाबीनमध्ये दर चार ओळींनंतर, कपाशीत-तुरीत ओळीआड. यंत्र भाड्याने आणायची गरज नाही. सोयाबीन ३०-३५ दिवसांचं आहे तोवरच हे करा. फुलोऱ्यात मुळं तुटली तर फायद्यापेक्षा तोटा जास्त.

सरी उताराला आडवी असावी, पण थोडा ढाळ हवा: १०० फुटांना साधारण अर्धा फूट. भारी जमिनीत हा ढाळ नजरेला कळत नाही. गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी दोन काठ्यांना बांधा, दोघांनी सरीच्या दोन टोकांना उभं राहा आणि पाण्याच्या पातळीतला फरक मोजा.

मग तोंड. आडव्या तासांतून प्रत्येक सरीसमोर फावड्याच्या रुंदीची वाट काढा, सरीच्या तळापेक्षा दोन बोटं खोल. वरवर खरवडलं तर पाणी तिथं वीतभर तुंबतंच. खालच्या धुऱ्यालगत दीड ते दोन फूट खोल चर काढा. इथली नेहमीची चूक म्हणजे चराची माती शेताच्या बाजूला टाकणं. तिचाच नवा बांध होतो आणि सऱ्यांची तोंडं पुन्हा बुजतात. माती धुऱ्यावर टाका. चर जिथं नाल्यात उतरतो तिथं दगड रचा, नाहीतर घळ पडून माती वाहून जाईल. पावसाचा खंड पडला तर मातीने भरलेलं खताचं रिकामं पोतं तोंडावर ठेवा, ओल टिकेल. जोरदार पावसाचा इशारा आला की काढा.

कोणत्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची? लव्हाळा (ओलीत माजणारं तण) दाट असेल तिथून. हे कुठल्या शिफारशीत नाही, पण फारसं चुकत नाही.

शेजाऱ्याने पाण्याची नैसर्गिक वाट बुजवली असेल तर आधी बोलून बघा. नाही जमलं तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत करा.

पाणी साचून पीक पिवळं पडलं की दुकानात ह्युमिक, टॉनिक, सिलिकॉन असा संच पुढ्यात येतो. मुळांना हवाच मिळत नसेल तर त्यातलं काहीही लागू होणार नाही. पाणी काढा, वाफसा येऊ द्या (जास्तीची ओल हटून माती मोकळी होऊ द्या), मग एक रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर ती जिवंत आहे. बहुतेक वेळा डवरणी आणि १९:१९:१९ या विद्राव्य खताची फवारणी (१०० ग्रॅम प्रति १० लिटर) एवढ्यावर पीक सावरतं. तपकिरी-काळी निघाली तर २ टक्के युरियाची फवारणी (२०० ग्रॅम प्रति १० लिटर) घ्या.

कपाशीत पाण्यानंतर कडक ऊन पडून झाडं अचानक माना टाकतात, तेव्हा वेळ २४ ते ४८ तासांचीच. युरिया २०० ग्रॅम + पांढरा पोटॅश १०० ग्रॅम + कॉपर ऑक्सिक्लोराईड २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात, झाडाला १५० मिलिलिटर आळवणी (बुंध्याशी ओतणं), आणि बुंध्याजवळची माती पायाने दाबून घ्या. दाबायचं विसरू नका. आमच्या मते निम्मा गुण त्याचाच.

इतर कामं:
- ओल्या रानात ट्रॅक्टर घालू नये.
- पावसाच्या तोंडावर खत फेकू नये.
- गोगलगायी दिसल्यास संध्याकाळी बांधालगत ओली गोणपाटं टाकावीत, सकाळी वेचून मिठाच्या पाण्यात बुडवाव्यात. फारच झाल्या तर मेटाल्डिहाइड २ टक्के गोळ्या, एकरी २ किलो. जनावरं व कोंबड्या लांब ठेवाव्यात.
- काढलेल्या पिकाच्या गंजीसाठी उंच जागा आणि ताडपत्री आताच बघून ठेवावी.
- नुकसान झाल्यास साचलेल्या पाण्याचे फोटो लगेच काढावेत. पंचनाम्याची वाट बघत पाणी तसंच ठेवू नये.