मामांचा फोन वाजू द्या: मोबाइलपासून सुट्टी देणारं ॲप कसं बनवावं

माझं पहिलं ॲप मी हौसेने मामांच्या फोनवर टाकलं आणि त्यांची केळीची गाडी चुकवली. मामा खानदेशातल्या रावेर तालुक्यातले. रात्री आठ ते साडेआठ फोन एकदम गप्प, अशी सोय मी केली होती. नेमका त्याच अर्ध्या तासात व्यापाऱ्याचा फोन आला: उद्या सकाळी कटाई धरायची का? उत्तर मिळालं नाही, टोळी दुसऱ्याच्या बागेत गेली आणि मामांचा माल दोन दिवस लांबला. मामा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाचेबुवा, मला व्हिडिओ बघणं कमी करायचंय. फोन उचलणं नाही."

पुढचं सगळं ॲप मी या वाक्यावर बेतलं. तुम्हीही असं काही बनवणार असाल तर क्रम असा ठेवा.

आधी वही, कोड नंतर

ओळखीतली आठ-दहा माणसं निवडा. शेतकरी, एमआयडीसीत पाळीला जाणारा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी, पोरं झोपली की फोन हातात घेणारी वहिनी. त्यांना "दिवसात किती तास बघता?" असं विचारू नका. तो आकडा फोन स्वतःच सांगतो. अँड्रॉइडचं डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनचा स्क्रीन टाइम, दोन्ही 2018 मध्येच आले. लोक आकडा बघतात, "अरे बापरे" म्हणतात आणि पुन्हा रील लावतात.

त्यापेक्षा असं विचारा: आत्ता फोन उचलला तो कशासाठी, आणि खाली ठेवलात तेव्हा काय बघत होता? माझ्या वहीतली एक नोंद: "केळीचा भाव बघायला व्हॉट्सॲप उघडलं. मग स्टेटस. मग कोणीतरी पाठवलेली रील. मग चाळीस मिनिटं." तुमच्या ॲपला उभं राहायचंय ते भाव आणि रील यांच्या मधल्या जागेत. दिवसभर पहारा द्यायची गरज नाही.

एकच वेळ धरा

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बाजूला राहतात. ते जमलं, कारण सगळ्यांनी एकदमच ठेवले. एकट्याने फोन ठेवला आणि शेजारचा बघतोय, तर हात शिवशिवणारच.

आपल्याकडे उन्हाळ्यात घर तापलेलं असतं, जेवणं झाली की सगळे ओट्यावर नाहीतर गच्चीवर. मी तीच वेळ धरली आणि त्या सोयीला नावही 'ओटा' दिलं. एकाने वेळ ठरवायची, बाकीच्यांनी त्याच्या फोनवरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा. त्या कोडात फक्त वेळ असते, आणि घड्याळ प्रत्येक फोनात आहेच, त्यामुळे इंटरनेट लागत नाही.

काय थांबणार नाही, ते आधी लिहा

कॉल, ओटीपीचा मेसेज, पैसे पाठवायची ॲप्स, कॅमेरा आणि टॉर्च यांना हात लावायचा नाही. टॉर्च माझ्या डोक्यात नव्हता. ज्याला रात्रीच्या लाइटवर मोटार चालू करायला शेतात जावं लागतं, त्याने तो यादीत घालायला लावला. फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाकणार असाल, तर त्यात एक सोय असते: अँड्रॉइडवर त्याच माणसाचा पंधरा मिनिटांत दुसरा कॉल आला की तो वाजू देता येतो. ती चालूच ठेवा.

थांबवायचं कसं

अँड्रॉइडवर दोन वाटा आहेत. एक 'युसेज ॲक्सेस'ची: ही परवानगी माणसाला सेटिंगमध्ये जाऊन हाताने द्यावी लागते. मग कुठलं ॲप समोर आहे ते तुम्ही थोड्या थोड्या वेळाने बघत राहता, आणि नको ते दिसलं की त्याच्यावर आपली पाटी आणता. पाटीसाठी 'इतर ॲप्सवर दाखवा' ही वेगळी परवानगी लागते. दुसरी वाट ॲक्सेसिबिलिटी सेवेची, म्हणजे अपंगांना फोन वापरायला मदत करणाऱ्या सोयीची. ती तत्काळ कळवते, पण पडद्यावरचं बरंच काही तिला वाचता येतं, म्हणून प्ले स्टोअर तिच्याबद्दल खुलासा मागतं. मी पहिली वाट घेतली. पाटी जरा उशिरा आली तरी चालतं, लोकांचा विश्वास गेला तर चालत नाही.

आयफोनचा मामला वेगळा. 2021 मध्ये आयओएस 15 सोबत ॲपलने स्क्रीन टाइमचे दरवाजे बाहेरच्या ॲप्सना उघडले, पण त्यासाठी ॲपलकडून खास मंजुरी घ्यावी लागते. आधी अँड्रॉइड उरकून घ्या.

पाटी

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. माझी पाटी अशी आहे: राखाडी पडदा, मधोमध एक ओळ, खाली दहापासून उलटी मोजणी. मोजणी संपली की दोन बटणं. 'राहू दे' मोठं, अंगठ्याखाली. 'उघड' लहान, वरच्या कोपऱ्यात, पण दिसेल असं. 'उघड' लपवायचा मोह होतो. लपवू नका. कुलूप घातलं की माणूस ॲपच काढून टाकतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

आधी मी ओळ लिहिली होती, "आपली वापरमर्यादा संपली आहे." वाचून वीजबिल आठवायचं. अमळनेरच्या एका मित्राने ती अहिराणीत अशी केली: "बस व्हयनं भो, ठेव आते." लोक हसले, आणि हसताना फोन ठेवला. मात्र खानदेश म्हटला की सगळीकडे अहिराणी, असं समजू नका. यावल-रावेरकडे लेवा गणबोलीचं वळण आहे. म्हणून ती ओळ घरच्यांना आपली आपण लिहू द्या. मामींनी लिहिलेली ओळ मामा टाळत नाहीत, हे मी पाहिलंय.

सलग किती दिवस पाळलं याचे बिल्ले, गुण, आठवण देणाऱ्या सूचना असलं काही घालू नका. फोन सोडवायला निघालेल्या ॲपने स्वतःकडे बोलावणं म्हणजे दारूबंदीच्या सभेत बार उघडणं.

विश्वास आणि बॅटरी

कोण रात्री काय बघतं ही फार खासगी माहिती आहे. माझ्या ॲपने इंटरनेटची परवानगीच मागितलेली नाही, त्यामुळे त्याला काही बाहेर पाठवता येत नाही. अशी एक ओळ दहा पानी धोरणापेक्षा लवकर पटते. तुम्ही माहिती गोळा करणारच असाल, तर 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचा. त्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण बालक आहे आणि पालकांची संमती लागते.

बॅटरीचं थोडक्यात: स्वस्त फोन मागे चालणारी ॲप्स निर्दयपणे मारतात. 'बॅटरी ऑप्टिमायझेशन'मधून सूट कशी द्यायची, ते पहिल्याच वेळी चित्रासह दाखवा.

चाचणी

व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे ॲपची फाइल, पाठवून सुरुवात करता येते, पण अँड्रॉइड 13 पासून अशा बाहेरून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीसारख्या परवानग्या सहज मिळत नाहीत. प्ले स्टोअरवर नवं वैयक्तिक खातं 25 डॉलर एकदाच भरून उघडतं, आणि ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी निदान 12 जणांनी सलग 14 दिवस ते वापरून दाखवावं लागतं. या अटीवर लोक कुरकुरतात, मला ती सोयीची वाटली. बारा जणांत एक तरी मामा निघतोच.

मोजायचं मात्र वाचलेली मिनिटं नाही. किती वेळा 'राहू दे' दाबलं आणि किती जणांनी ॲप काढलं, एवढंच त्यांना विचारून बघा. काढणाऱ्याला फोन करून कारण विचारा, आणि ते वहीत जसंच्या तसं लिहा.

परवा रावेरला गेलो होतो. जेवण झाल्यावर मामांनी रील उघडली, पाटी आली, त्यांनी फोन ओट्यावर उपडा ठेवला आणि मला पिकाचं विचारायला लागले. दोन मिनिटांत फोन वाजला. मामांनी उलटा करून नाव बघितलं. व्यापारी होता.