ट्रेलर बाहेर काढण्याआधी यंत्रांच्या पाठीमागे बघा

ट्रेलरमधला, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या फिरत्या घरातला, फ्रिज गार होत नाही, मायक्रोवेव्ह हलतो, गीझरचं पाणी कोमटच राहतं, असं झालं की आपण यंत्राला दोष देतो. पुष्कळदा यंत्र ठणठणीत असतं, ते बसवताना घाई झालेली असते. म्हणून प्रवासाच्या आठवडाभर आधी ट्रेलर सपाट जागी उभा करा, पाणसळ लावून नीट समतल करा आणि टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, मोजपट्टी व साबणाचं पाणी हाताशी ठेवा. काहीही उघडण्याआधी फोटो काढा. पुढे वॉरंटीचा दावा करायचा झाला तर तेच कामी येतात.

सगळ्यात जास्त वेळ फ्रिजला द्या. गॅस आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. खालच्या जाळीतून आत आलेली हवा पाठीमागच्या नळ्यांची उष्णता घेऊन वरून बाहेर पडली, तरच आतला भाग गार होतो. बाहेरची खालची जाळी काढून टॉर्च वर मारा. नळ्या आणि भिंत यांच्यामध्ये साधारण एक इंचापेक्षा जास्त फट नको. माझ्या ट्रेलरमध्ये तिथे अख्खी मूठ जात होती आणि गरम हवा तिथेच कोंडत होती. पत्र्याचा आडोसा बसवल्यावर फरक लगेच जाणवला. आडोसा बर्नर आणि धुराड्यापासून लांब हवा, आणि फ्रिजच्या कडेने राहत्या भागात जाणारी प्रत्येक फट बंद हवी, कारण जळालेला वायू आत येता कामा नये. मग सामान भरण्याआधी फ्रिज रात्रभर चालवून बघा.

त्यानंतर प्रत्येक यंत्र दोन्ही हातांनी धरून हलवा. स्क्रू जागच्या जागी फिरत असेल तर तो नुसत्या पातळ प्लायमध्ये बसवलाय. तिथे लांब स्क्रू ठोकू नका, मागे वायर किंवा नळी असू शकते. आतून लाकडी पट्टी लावा, मग स्क्रू आवळा.

गॅसच्या सांध्यांना साबणाचा फेस लावा, काडी पेटवून बघू नका. बुडबुडे दिसले किंवा वास आला तर सिलिंडर बंद करा, बटणांना हात न लावता बाहेर पडा आणि दुरुस्ती जाणकार कारागिराकडूनच करून घ्या. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा अलार्म खालीच असावा. त्यावरची मुदतही वाचा.

गीझर विजेवर लावण्याआधी गरम पाण्याचा नळ सोडा आणि धार फसफस न करता सलग येईपर्यंत थांबा. टाकी कोरडी असताना बटण दाबलं तर एलिमेंट लगेच जळतो. स्वयंपाकाच्या शेगडीवरच्या चिमणीची बाहेरची झडप उघडते का, तेही बघून घ्या.

शेवटी पेनने प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या पृष्ठभागापर्यंत एक सरळ रेघ मारा आणि ट्रेलर तासभर खडबडीत रस्त्यावर फिरवून आणा. परत आल्यावर जिथे रेघ तुटलेली दिसेल, तो स्क्रू सैल झालाय.